होडीवरची रोषणाई आणि काठावरची वायर

गणपती जवळ आले की महावितरणचे आवाहन वर्तमानपत्रांत ठरल्यासारखे छापून येते. मंडळांनी अधिकृत तात्पुरती वीजजोडणी घ्यावी, मांडवातली वायर उघडी ठेवू नये, अर्थिंग तपासून घ्यावे. मंडळे त्यातले काही ऐकतात, काही कानाआड करतात. पण निदान सांगणारे कोणी तरी असते. होडी सजवणाऱ्याला हे सांगायला कोणी येत नाही. तिच्यावरच्या विजेचे काय करायचे ते तांडेलाने, नाही तर मंडळातल्या एखाद्या हरहुन्नरी पोराने आपल्या अकलेने ठरवायचे.

आणि होड्या आता चांगल्याच उजळू लागल्या आहेत. नारळी पौर्णिमेला आणि शिमग्याला कोळीवाड्यांतल्या बोटी सजतात, विसर्जनाला होड्या आणि तराफे सजतात. गोव्यात कुंभारजुव्याला गणपतीच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर सांगोड उभा राहतो. कार्तिकात साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरी पौर्णिमेला वाळवंटी नदीत शृंगारलेल्या नौका सोडतात. पूर्वी या सजावटीत पताका, झेंडूची तोरणे, केळीचे खुंट आणि फार तर एखादी पेट्रोमॅक्स असे. एलईडीच्या माळा स्वस्त झाल्या आणि नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत लखलखाट सुरू झाला. तो सुंदर दिसतो, यात वाद नाही. रोषणाई बंद करा असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. प्रश्न इतकाच आहे की ती वीज येते कुठून.

पुष्कळदा ती जेट्टीवरच्या टपरीतून येते. टपरीतल्या बोर्डात पिन, तिथून एक्स्टेंशन, ते पुरत नाही म्हणून दुसरे एक्स्टेंशन, आणि दोन्हींचा जोड ओल्या काँक्रीटवर पडलेला. त्यापुढे माळेची केसासारखी बारीक वायर. ती कमी पडली की दाताने सोलायची, तारेला पीळ द्यायचा, वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची आणि बोटीच्या कठड्याला दोन वेढे मारून वर न्यायची. घरच्या गॅलरीत दिवाळीचे चार दिवस हे खपून जाते. समुद्रावर मात्र खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर त्या चिकटपट्टीच्या आत जाऊन बसतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे वरून कोरडा वाटणारा जोडही आतून वीज झिरपू देतो. आतली तांब्याची तार हिरवी पडते, जोड तापतो, आणि माळ मिणमिणायला लागली की कोणी तरी ओल्या हाताने तो जोड हलवून बघतो.

यात पंचांगही भर घालते. नारळी पौर्णिमा, होळी आणि त्रिपुरी हे तिन्ही सण पौर्णिमेचे. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या तोंडावरची. म्हणजे होड्या सजण्याचे दिवस नेमके उधाणाच्या आसपासचे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो. संध्याकाळी सैल लोंबणारी वायर मध्यरात्री ताणून तार होते, किंवा उलट घडून तिचा झोळ पाण्यात बुडतो. जमिनीवरच्या मांडवाला हा त्रास नाही.

या सगळ्याला एक साधे उत्तर आहे, आणि ते नियम म्हणून लागू व्हायला हवे: होडीवर लागणारा प्रत्येक शोभेचा दिवा होडीवरच्याच बॅटरीवर, १२ किंवा २४ व्होल्टवर चालावा. २३० व्होल्टची वायर काठावरून होडीवर येऊच नये.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी ही मागणी वेडगळ ठरली असती. जुन्या बारीक बल्बांची शंभराची माळ साधारण ४० वॅट खायची. अशा वीस माळा म्हणजे ८०० वॅट. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी इन्व्हर्टर लावून जोडली, तर या माळा अर्ध्या-पाऊण तासात ती अर्धी रिकामी करतील. आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवणे म्हणजे तिचे आयुष्य तोडणे. एलईडीची तेवढीच माळ ६ वॅटच्या आसपास घेते. वीस माळांचे १२० वॅट. इन्व्हर्टरची गळती धरूनही बॅटरीतून १२ अँपिअर जातील, म्हणजे तीच बॅटरी चार तास आरामात पुरेल. मिरवणूक त्याआधीच संपते. थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या पट्ट्या घेतल्या तर इन्व्हर्टरही नको आणि त्याची गळतीही नको. काठावरून वीज ओढण्याचे तांत्रिक कारण एलईडीने केव्हाच संपवले. उरली आहे ती सवय.

मात्र ही बॅटरी इंजिनाची नसावी. रोषणाईत इंजिनाची बॅटरी उतरली आणि ओहोटीच्या ओढीत, बायकापोरांनी भरलेल्या बोटीचे इंजिन सुरू झाले नाही, तर माळांची हौस भलत्याच ठिकाणी महागात पडते. मोठ्या बोटींवर आणखी एक प्रकार चालतो. तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. सजावटीवाला त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतो. ती उतरते, दुसरी भरलेली राहते, मग इंजिन चालू झाले की चार्जिंगमध्ये एक उपाशी आणि दुसरी अतिभरलेली. थोड्याच काळात दोन्ही बाद. रोषणाईसाठी वेगळी बॅटरी आणली की हा सगळा गोंधळ टळतो.

नारळी पौर्णिमेच्या वेळी तर जास्तच जपायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झावळ्यांखाली किंवा प्लॅस्टिकखाली झाकलेल्या. या दोन महिन्यांत उंदीर वायर कुरतडतात, न भरलेल्या बॅटरीच्या प्लेटा खराब होतात, टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा धरतो. बोटीला नवा रंग लागतो, नाळेवर नवा हार चढतो, आणि वायरिंग असते गेल्या मे महिन्यातले.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक त्याला खेळणे समजतात. ही समजूत धोक्याची आहे. झटका बसत नाही, पण आग लागते. लेड-ॲसिड बॅटरीच्या दोन टोकांत थेट संपर्क झाला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. बारीक वायर लाल होते, तिचे प्लॅस्टिक पेटते. शेजारी नायलॉनची जाळी, डिझेलचे कॅन आणि खुद्द फायबरची बोट असते. फायबरमधले रेझिन पेटले की काळ्या धुराचा लोट उठतो आणि विझवणे हाताबाहेर जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबागजवळच्या समुद्रात एक मासेमारी बोट पेटली. खलाशी वाचले, बोट गेली. बोटीवरची आग म्हणजे काय, हे किनाऱ्यावर कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावरचा उपाय बोटाएवढा आहे: फ्यूज. पण तो कुठे बसवायचा याला महत्त्व आहे. माळांजवळच्या स्विचशेजारी बसवलेल्या फ्यूजचा फारसा उपयोग नाही, कारण बॅटरीपासून त्या फ्यूजपर्यंतची वायर मोकळीच राहते. फ्यूज हवा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात, आणि त्याचा आकडा वायरच्या जाडीला शोभणारा. जळलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. त्यांना बोटीच्या आसपासही फिरकू देऊ नये.

मग जनरेटर का नको? कारण तो काठावरच्या वायरचेच दुखणे बोटीवर आणून बसवतो, आणि वर आपली दोन-तीन दुखणी जोडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी, फळ्यांखाली साचते आणि ठिणगीची वाट बघते. चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतताना सांडलेले थेंब तिथेच जातात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मखराच्या कापडाआड जनरेटर लपवला, आवाज नको म्हणून वर ताडपत्री टाकली, की शेजारी बसलेल्याला आधी डोके जड वाटते आणि मग काहीच वाटत नाही. बॅटरीचाही एक वायू आहे. चार्जिंग चालू असताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हलका असल्यामुळे वर चढतो आणि बंद पेटीच्या झाकणाखाली जमतो. म्हणून बॅटरी घट्ट बांधलेली पण हवेशीर पेटीत असावी, आणि शक्यतो काठावरच भरून आणावी.

आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपताच पुरवठा तोडणारी कळ, लावली की झाले, असेही सांगणारे भेटतात. घरात ती जीव वाचवते, हे खरेच. पण होडीवर अर्थिंगचा रॉड ठोकायला जमीन नसते. सुट्या जनरेटरवर किंवा साध्या इन्व्हर्टरवर न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी जाणकाराने नीट केलेली नसेल, तर ती आरसीसीबी ऐन वेळी हूं की चूं करत नाही. अशी जोडणी करणारा परवानाधारक वायरमन सणाच्या दिवशी मिळणे म्हणजे नशीबच. त्यापेक्षा २३० व्होल्टच टाळणे सोपे.

समुद्राकाठी एक समज पक्का आहे, की विजेचा खरा धोका खाऱ्या पाण्यात. वायरिंगपुरता तो बरोबर आहे. पोहणाऱ्यापुरता तो उलटा आहे. खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा जास्त वीजवाहक असते, त्यामुळे पाण्यात उतरलेली वीज बहुतांशी शरीराला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यापेक्षा शरीर जास्त वीजवाहक; तिथे वीज माणसातून जाणे पसंत करते. एका अँपिअरचा शंभरावा-पन्नासावा भाग स्नायू आखडायला पुरतो. माणूस जळत नाही, ओरडतही नाही, हातपाय हलवता येत नाहीत म्हणून बुडतो. ४ जुलै २०१२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मिझुरी राज्यातल्या लेक ऑफ द ओझार्क्स या तलावात धक्क्याजवळ पोहणारी दोन भावंडे अशीच गेली. धक्क्यावरची वीज पाण्यात उतरली होती. त्यानंतर तिकडे धक्क्यांवरच्या वायरिंगची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. आपल्याकडे दीपोत्सवाच्या होड्या आता नद्यांच्या घाटांना आणि शहरांतल्या तलावांनाही लागतात. होडी ढकलायला कंबरभर पाण्यात चार पोरे उतरलेली असतात. हे पाणी गोडे असते.

विठ्ठलापूरची त्रिपुरी या बाबतीत शिकवून जाते. तिथे पाण्यात सोडायच्या नौका माणसे नेण्यासाठी नसतात. बांबू, कागद, थर्माकोल यांतून घडवलेली ती जहाजांची प्रतिरूपे असतात. अशा नौकेच्या मागे काठावरून वायर सोडता येत नाही. पणती असो की सेल, जो काही उजेड तो तिला आपल्या पोटातूनच न्यावा लागतो. त्यामुळे करणारा पहिल्यापासूनच वजनाचा, सेलच्या आयुष्याचा आणि पाणी आत गेले तर काय याचा विचार करतो. हातभर नौकेला जी शिस्त आपोआप लागते, ती चाळीस फुटी बोटीला लागत नाही, कारण तिला टपरीची पिन जवळ असते.

आता दुसरा, फारसा न बोलला जाणारा मुद्दा. रात्री पाण्यावर दिवा शोभेसाठी नसतो, तो निरोप असतो. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा, डोलकाठीवर पुढे दिसणारा पांढरा: एवढ्यावरून समोरचा तांडेल ओळखतो की ही बोट आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे. वर हिरवा आणि खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळे ओढतो आहे. वर लाल आणि खाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची मासेमारी. एकावर एक दोन लाल म्हणजे बोट ताब्यात नाही, लांबून जा. आता डोलकाठीवर लाल-हिरव्या लुकलुकत्या माळांचे वेटोळे चढवले की ही बोट एकाच वेळी हे सगळेच बोलायला लागते. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतला विसावा नियम याबद्दल स्पष्ट आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत असे कोणतेही जादा दिवे लावू नयेत, की जे ठरलेल्या दिव्यांसारखे वाटतील, त्यांना झाकतील किंवा नजर ठेवण्यात अडथळा आणतील. म्हणजे शोभेला बंदी नाही, गोंधळाला आहे. माळा एकरंगी, पिवळसर पांढऱ्या, न लुकलुकणाऱ्या असाव्यात. बाजूच्या दिव्यांपासून दूर असाव्यात. आणि सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकही नसावी. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एक झगमगती माळ तो सराव क्षणात घालवते. समोरची न उजळलेली छोटी होडी मग दिसत नाही.

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला मुंबईत गेटवेसमोर उजळणारी जहाजे लोक दरवर्षी पाहतात. २०२३ साली मालवणच्या तारकर्लीलाही नौदल दिन साजरा झाला, तेव्हा कोकणवासीयांना तो थाट घराजवळ बघता आला. रोषणाईच्या वेळी ती जहाजे नांगरावर असतात, आणि त्यांची आकृती दिव्यांच्या सरळ रेषांनी रेखलेली असते. तिथे डिस्को नसतो. आमच्या मंडळांना डिस्कोचा सोस आहे, तो किनाऱ्याला बांधलेल्या बोटीवर भागवावा. चालत्या बोटीवर नव्हे.

मासेमाराला हे शिकवायची गरज नाही, असा आक्षेप येईल. बरोबर आहे. पाण्यावरच्या उजेडाची ताकद त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. कोकण किनाऱ्यावर एलईडी म्हटले की पारंपरिक मच्छीमाराच्या डोळ्यांसमोर शोभा नाही, मोठाले जनरेटर लावून, प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून उपसून नेणाऱ्या बोटी येतात. या प्रकाशझोताच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक केला, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. उजेडाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे मोर्चे काढणारा हाच समाज सणाच्या रात्री आपल्या बोटीवरच्या वायरकडे मात्र दुर्लक्ष करतो, हे खटकते.

उजेडाचा आणखी एक उपद्रव कानाला ऐकू येतो. स्वस्त एलईडीच्या आतले छोटे सर्किट रेडिओलहरी सोडते. २०१८ साली अमेरिकी तटरक्षक दलाने यावर खास सूचना काढली: काही एलईडी दिवे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा यांत अडथळा आणतात. तपासायची रीत सोपी आहे. व्हीएचएफची खरखर जेमतेम बंद होईल इतपत बटण फिरवायचे आणि मग माळा लावायच्या. खरखर परत आली तर ती माळ बोटीवर नको. १६ नंबरच्या, म्हणजे संकटकाळच्या चॅनेलवर कोणाची हाक आली तर ती ऐकू यायला हवी.

होड्यांच्या रोषणाईची मिरवणूक जगाला नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला १९०८ च्या ४ जुलैला जॉन स्कार्पा नावाच्या इटालियन नावाड्याने आपला गोंडोला आणि मागोमाग आठ छोट्या होड्या कंदिलांनी सजवून फिरवल्या. तिथली नाताळातली मिरवणूक आज जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेत पाण्यावरच्या अशा मोठ्या कार्यक्रमासाठी तटरक्षक दलाकडे आधी अर्ज करण्याची पद्धत आहे. म्हणजे कोणती बोट कुठून कुठे जाणार, याची नोंद कोणाकडे तरी असते.

आपल्याकडे ही नोंद ठेवायला नवे खाते काढायची गरज नाही. महाराष्ट्रात सागरी मंडळ आहे, मत्स्यव्यवसाय विभाग आहे, गोव्यात बंदर कप्तानाचे कार्यालय आहे. सणाआधी पंधरा दिवस एक पानी सूचना काढायची: २३० व्होल्ट नको, रोषणाईची बॅटरी वेगळी, फ्यूज बॅटरीशी, लाल-हिरवे आणि लुकलुकते दिवे नकोत, बोटीवर अग्निशामक आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. ती मराठीत आणि कोकणीत जेट्टीवर चिकटवायची. एवढे केले तरी पुष्कळ झाले. सजावटीच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांच्या हातात तर सूचनेपेक्षा जोरदार हत्यार आहे. शंभरातले तीस गुण वायरिंगला ठेवले, आणि परीक्षकांत कलाशिक्षकाशेजारी एक वायरमन बसवला, की पुढच्या वर्षी पोरे यूट्यूबवर फ्यूजची माहिती शोधतील. बक्षिसापुढे उपदेश फिका पडतो.

खर्चाची सबब कोणी पुढे करू नये. फ्यूज, त्याचा होल्डर, कथिलाचा मुलामा दिलेली थोडी जाड वायर आणि पाण्यात टिकणारे कनेक्टर यांचा मिळून खर्च एका साउंड सिस्टीमच्या रात्रभराच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. बॅटरी विकतही घ्यावी लागत नाही. गावातल्या रिक्षावाल्याची किंवा ट्रॅक्टरवाल्याची चांगली भरलेली बॅटरी एका रात्रीसाठी मिळते. सण उलगडल्यावर माळा गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवल्या तर पुढच्या वर्षीही चालतात.

वेळेचीही अडचण नाही. जूनमध्ये बोटी वर ओढल्या की दोन महिने इंजिनाची डागडुजी, रंगकाम, जाळी शिवणे चालते. मच्छीमार सोसायट्यांच्या बैठका होतात, डिझेलच्या परताव्यावर तास-तास चर्चा होते. जुलैच्या बैठकीत अर्धा तास वायरिंगला द्यावा, गावच्याच वायरमनला बोलावून दोन-चार बोटींच्या बॅटऱ्या आणि जोड दिवसाउजेडी, बोट जमिनीवर असताना उघडून बघावेत. कुरतडलेली वायर तेव्हा सापडते आणि बदलायला दुकानही उघडे असते.